वायरलेसच्या पेटीतला प्रॉम्प्टर

गेली लाईट? बरं झालं. सोमवारपासनं मालिकेतल्या त्या विमानाला उतरायला जागा गावंना झालीया, आणि तुमी सगळी तोंडं वासून बघत बसलाय. पायलट रडतोय, हवाईसुंदरी रडतीया, खाली त्याची सासू रडतीया. आणि त्यो गुळगुळीत पोरगा कानाला यंत्र लावून बोंबलतोय, 'उत्तर द्या, उत्तर द्या.' बंडू, मेणबत्ती हुडकू नगंस. बस जाग्यावर. नंदे, दार लोटून घे.

असलं नाटक आमी केलतं. हसताय काय खुळ्यागत? टीव्ही कुठला तवा! स्टेजवर केलतं. पुठ्ठ्याचं विमान, लाकडाचा वायरलेस आणि धूर तेवढा खरा. साल १९५३, १८ एप्रिल, शनवारची रात्र. नाटकाचं नाव 'रात्रीचं विमान'. एकच प्रयोग झाला. मी पडदा ओढायला हुतो. पण गोष्ट माझी न्हवं, यज्ञामास्तरची हाय.

यज्ञेश्वर मास्तर माझा दोस्त. दिवसा शाळेत मराठी शिकवायचा आणि रात्री आमच्या कंपनीत प्रॉम्प्टर. म्हंजे वही घिऊन आडोशाला बसायचं आणि नटाला फुडचं वाक्य हळूच द्यायचं. आमचा मालक गणपतराव. त्योच लेखक, त्योच हिरो. दिसायला राजबिंडा, आवाज खणखणीत, पण पाठांतराच्या नावानं शंख! मास्तरनं द्यायचं आणि ह्यानं बोलायचं. मधी डोकं म्हणून लावायचं न्हाय. एकदा ऐतिहासिक नाटकात मास्तर विंगेत कुणाला तरी म्हणला, 'अरे, त्या कंदिलाची वात खाली करा.' गणपतरावानं ते भर दरबारात महाराजांच्या आवाजात म्हणून दावलं, आणि दोन सरदार खरंच कंदिलाकडं पळाले. हसा, हसा. आता हसून घ्या.

तर प्रयोगाच्या आधीचा बुधवार. सकाळी गणपतराव मास्तरला म्हणला, "मास्तर, तेवढं कसबा बावड्याला जाऊन या. चिमणाबाईकडं बाळासोची कानाला लावायची यंत्रं हाईत, खरीखुरी. तिसऱ्या अंकाला पायजेत. म्हणावं, नाटक तुझ्या पोरावरच हाय."

बाळासो कोण ते सांगतो. बावड्याचा शेतकऱ्याचा पोरगा. लढाईच्या टायमाला हवाई दलात वायरलेस शिकला. गणपतराव बी त्याच्याच बरोबरचा, एका ताटात जेवलेली दोघं. लढाई संपल्यावर दोघं बी विमानाच्या धंद्यात शिरली. बाळासो विमानात वायरलेसवर, आणि गणपतराव खाली विमानतळावर, वायरलेसच्या खोलीत. कुठला विमानतळ, कुठली कंपनी, ते इचारू नका. एकोणपन्नास सालच्या पावसाळ्यात, रातच्याला, बाळासोचं विमान ढगात वाट चुकलं आणि डोंगरावर आदळलं. एक बी माणूस वाचला न्हाय. चौकशी बसली. गणपतरावानं जबानी दिली की, मी रातभर हाका मारत हुतो, वरनं कुणी बोललंच न्हाय. झालं! वायरलेसवाला झोपला असंल, असं ठरलं. मेलेला माणूस जबानी द्यायला कुठनं येणार?

बावड्यात बातमी आली ती अशी. चिमणाबाई पाणवठ्यावर गेली की बाया गप हुयाच्या. कुणी तोंडावर म्हणायचं न्हाय, पण मागं म्हणायचे, हिच्या पोरानं झोपंत विमान पाडलं. चार वरसं त्या माऊलीनं हे काढलं. नवरा आधीच गेलेला. पोरगं बी गेलं, आणि त्याचं नाव बी गेलं.

मास्तर तिच्या घराच्या फुडच्या सोप्यात बसला आणि गणपतरावाचा निरोप सांगितला. बाईनं त्याच्याकडं निरखून बघितलं. मग म्हणली, "माझ्या बाळूवर नाटक? खरं काय ते दावणार?"

मास्तर म्हणला, "हो काकू. तिसरा अंक अजून माझ्या हातात आलेला नाही. पण गणपतरावांचा जिवलग मित्र तो. चांगलंच लिहिणार."

"गणूच लिवतोय न्हवं? मग बरं. गणूला ठावं हाय माझा बाळू कसा हुता." असं म्हणून तिनं ट्रंकंतनं पंच्यात गुंडाळलेली यंत्रं काढली. दोन काळ्या वाट्या, वर लोखंडी पट्टी, आणि खाली तुटकी वायर. सुट्टीवर आला तवा ठेवून गेलता. तिनं ती पदरानं पुसली आणि मास्तरच्या हातात दिली. वर म्हणली कशी, "मी सगळ्या बावड्याला घिऊन येतो. तीन गाड्या जुपतो. समद्यांनी ऐकू दे."

आता फुडं ऐका. आमच्यात नटाला नुसती त्याची त्याची नक्कल मिळायची. म्हंजे त्याच्या वाट्याची वाक्यं तेवढी कागदावर. सगळं नाटक फकस्त दोघांकडं, लेखक आणि प्रॉम्प्टर. शुक्रवारी सांजच्याला गणपतरावानं तिसरा अंक मास्तरच्या हातात ठेवला. मास्तरनं वाचला. त्यात काय हुतं? बाळासाहेब नावाचा वायरलेसवाला दारू पिऊन विमानात पसरलाय, आणि खाली आमचा हिरो गणपतराव कानाला यंत्र लावून रातभर त्याला हाका मारतोय. नाव बी बदललं न्हवतं! वर त्या बाईच्याच पोराची यंत्रं कानाला लावून!

मास्तरनं काय करायला पायजे हुतं? सायकल काढून बावड्याला जायाचं, त्या बाईला सांगायचं, 'येऊ नका काकू, मला फसवलं.' न्हायतर वही गणपतरावाच्या तोंडावर मारायची. त्यानं ह्यातलं काय बी केलं न्हाय. का? तर नाटकातली दोन पदं मास्तरनं लिवली हुती, आणि हस्तपत्रकावर पहिल्यांदाच त्याचं नाव छापून आलतं. तेवढ्यासाठी. मला बी बोलला न्हाय, रोज माझ्या शेजारी बसून चहा पिणारा माणूस. माझा दोस्त हुता तरी सांगतो, त्यानं त्या बाईला इकलं. मला अजून राग येतो.

शनवारी रात्री साडेनऊला पहिली घंटा झाली. पंचगंगेच्या अलीकडं मोकळ्या रानात पत्र्याचं थिएटर ठोकलं हुतं. उकडून जीव निघत हुता. बावड्याच्या तीन गाड्या आल्या. चिमणाबाई पुढच्या रांगंत, ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर हात ठेवून ताठ बसलेली. मला बघून हसली. आयला, मला काय ठावं! मी बी हसलो.

पहिले दोन अंक झकास झाले. विमान उडालं तवा पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिसरा अंक सुरू झाला तवा साडेबारा हुन गेलते. डाव्या बाजूला पुठ्ठ्याचं विमान. उजवीकडं वायरलेसची खोली, आणि तिथं माणसाएवढी लाकडी पेटी. त्योच वायरलेस. पेटीला फुडनं जाळी, आणि आत यज्ञामास्तर, मांडीवर वही, हातात बॅटरी. गणपतराव जाळीफुडं खुर्ची घिऊन बसायचा. डाव्या कानावरची वाटी जरा मागं सारायची, म्हंजे मास्तरचं ऐकू येतंय.

पडदा वर गेला. विमानात आमचा कृष्णात पसरलेला, हातात बाटली. त्याला तेवढंच सांगितलेलं, बाटली घिऊन पडायचं, बोलायचं काय न्हाय. आणि उजवीकडं गणपतराव गरजला, "बाळासाहेब! अहो बाळासाहेब! नशेत पडलात की काय? शंभर जिवांचा घात करता?"

मी पुढच्या रांगंत बघितलं. चिमणाबाईचं तोंड... काय सांगू तुमाला. तिनं पहिल्यांदा शेजारच्या बाईकडं बघितलं. आपुन बरोबर ऐकलं काय, असं इचारल्यागत. शेजारची खाली बघाय लागली. मागं बावड्याची माणसं एकमेकाच्या कानाला लागली. आणि बाई तशीच ताठ बसून ऱ्हायली. डोळ्यांतनं धारा. पुसल्या बी न्हाईत.

माझ्या हातात पडद्याचा दोर. वाटलं, सोडून द्यावा. सोडला न्हाय. मी बी भ्यालोच की.

पेटीतनं मास्तर फुडचं वाक्य देत हुता. मला विंगेत ऐकू येत हुतं. "उत्तर द्या, बाळासाहेब. मी खुर्ची सोडणार नाही."

गणपतरावानं उचललं न्हाय.

मास्तरनं परत दिलं. "मी खुर्ची सोडणार नाही."

गणपतरावानं डाव्या कानावरची वाटी फुडं ओढली. दोन्ही हातांनी दोन्ही वाट्या कानावर घट्ट दाबल्या. मान खाली. कायतरी ऐकतोय. त्या यंत्राची वायर तुटकी, खिळ्याला नुसती गुंडाळलेली. मीच गुंडाळली हुती.

"मी खुर्ची सोडणार नाही!" मास्तर आतनं जवळजवळ वरडला. चौथ्या रांगंपतूर ऐकू गेलं असंल. पण गणपतरावाला ऐकू जात न्हवतं.

आणि मग त्यो बोलाय लागला. तसाच, सवयीनं. एक तुकडा ऐकायचा... आणि बोलायचा. ऐकायचा... आणि बोलायचा. पण नाटकातलं न्हाय. नाटकातली भाषा बी न्हाय. बावड्याची बोली.

"गणू... ऐकतोस न्हवं? ढग लई हाय. खालचं काय दिसंना झालंय."

सगळ्या थिएटरनं कान टवकारले.

"गणू, दिशा सांग. तिसऱ्यांदा इचारतोय... खुर्चीवर हाईस न्हवं?"

त्याचा चेहरा पांढरा. तोंड बोलत हुतं, आणि डोळे... डोळे त्या तोंडाला थांब म्हणत हुते. तोंड थांबंना. इतक्या नाटकांची सवय, कानात आलं की बोलायचं.

"गणू, पेट्रोल सरत आलंय. सातव्यांदा हाक मारतोय तुला... नाटकाच्या तालमीला गेलास व्हय रं? आज बी?"

पुढच्या रांगंत चिमणाबाई उभी ऱ्हायली.

"आदूगर सांगायचंस की. दुसऱ्या कुणाला तरी बसवून जायाचंस... गणू... घसा कोरडा पडलाय माझा. एकदा तरी बोल."

मग लई वेळ... काय न्हाय.

गणपतराव खुर्चीवरनं खाली आला. गुडघ्यावर. यंत्रं कानावर तशीच. आणि आता त्यो स्वतःचं बोलला. त्याचा त्याचा आवाज, चिरकलेला. "मी न्हवतो रं! मी न्हवतो तिथं! बाळ्या, मी तालमीला गेलतो!"

मी दोर सोडला. पडदा धाडकन खाली आला.

आणि लोकांनी काय केलं असंल? टाळ्या! कडाडून टाळ्या. काय अभिनय केला म्हणले. शिट्ट्या. बावड्याच्या तीन गाड्यांची माणसं तेवढी गप बसून हुती. त्यातला एक म्हातारा उठला, टोपी काढली आणि चिमणाबाईफुडं मान खाली घालून उभा ऱ्हायला. मग दुसरा उठला.

गणपतराव त्यानंतर कुणाशी बोलला न्हाय. पहाटं रंग न पुसता कुठं गेला, त्यो कोल्हापुरात परत दिसला न्हाय. कंपनी मोडली. आणि आता फुडं सांगतो ते मी बघितलेलं न्हाय, मी तवा गणपतरावाला धरून आत न्हेत हुतो. सकाळी सहाला मास्तर माझ्या दारात येऊन बसला, अंगात ताप भरलेला, तवा त्यानं सांगितलं. मरेपतूर त्यात एक शबूद बदलला न्हाय. एरवी त्यो पदरचं घालून बोलणारा माणूस न्हवंच.

पडदा पडल्यावर चिमणाबाई स्टेजवर आली. यंत्रं खाली पडली हुती. उचलली, पंच्यात गुंडाळली. मास्तर पेटीतनं भाईर आला आणि म्हणला, "काकू, मला माहीत नव्हतं हो..."

बाईनं त्याच्याकडं बघितलं. "कालपासनं ठावं हुतं तुला."

मास्तर म्हणला, "कुणी सांगितलं?"

बाई फिरली. भाईर जाऊन गाडीवाल्यांना म्हणली, "तुमी व्हा फुडं. आमी येतो चालत."

आमी. गाडीवाल्यांना वाटलं, मास्तर सोबतीला असंल. गाड्या गेल्या. बाई कंदील घिऊन बावड्याच्या रस्त्याला लागली. मास्तर मागनं गेला. माफी मागायची हुती. पण जवळ जायाचा धीर हुईना. वीस पावलं मागं.

दोन वाजलेले. चंद्र कवाच मावळलेला. दोन्ही अंगाला ऊस. वारा न्हाय. एक पान हलत न्हवतं.

बाई बोलत हुती.

पहिल्यांदा मास्तरला वाटलं, देवाचं नाव घेतीया. मग शबूद कळाय लागलं. "व्हय... व्हय, म्हस इकली. तुझ्या माघारी धार काढायला कोण हुतं?" थांबली. ऐकल्यागत. "न्हाय रं. आंबा हाय अजून. औंदा मोहर आलता."

परत थांबली. आणि हसली.

मास्तर म्हणायचा, चार वरसं न हसलेलं माणूस कसं हसंल, तसं. त्यो थांबला. बाई चालत हुती. कंदील तिच्या उजव्या हातात. डाव्या अंगाला... रस्ता मोकळा. तिथं कुणी न्हवतं. पण ती रस्त्याच्या मधनं चालत न्हवती. कडंनं चालत हुती. दुसऱ्याला जागा सोडल्यागत.

माघारी फिरायचं की न्हाय? मी असतो तर फिरलो असतो. मास्तर म्हणला, मागं वळायचीच भीती वाटली. मागं अंधार, आणि फुडं निदान कंदील.

घर आलं. बाईनं कुलूप काढलं. आधी बाजूला सरकून उभी ऱ्हायली. कुणाला तरी आत जाऊ दिलं. मग स्वतः गेली. कंदील सोप्यात टेकवला. मास्तर उंबऱ्याच्या भाईर येऊन हात जोडून उभा.

"काकू," त्यो म्हणला, "चुकलो मी. शुक्रवारीच यायला हवं होतं. मला नावाचा मोह पडला."

बाई आत गेली. तांब्या आणि एक फुलपात्र घिऊन आली. आपल्याकडं दारात आलेल्या वैऱ्याला बी पाणी देत्यात. मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटलो. त्यानं हात फुडं केला.

बाई म्हणली, "तुला न्हवं."

तिनं फुलपात्र काठोकाठ भरलं आणि सोप्यात, भिंतीला टेकून माणूस बसतंय तिथं, जमिनीवर ठेवलं. आणि पंच्यातली यंत्रं ट्रंकंत ठेवायला आत गेली.

मास्तर एकटा. उंबऱ्याच्या भाईर. फुलपात्र त्याच्यापासनं दोन हातांवर. कंदिलाच्या उजेडात पाण्याची कड चकाकत हुती.

आतनं ट्रंकंचं झाकण वाजलं.

पाण्याची कड खाली गेली.

जरा थांबली... परत खाली. घोट घोट. सावकाश. फुलपात्र जाग्यावरनं हललं न्हाय. आवाज न्हाय. काय बी न्हाय. नुसतं पाणी कमी कमी...

बाई भाईर आली. खाली वाकली. मास्तरकडं बघितलं बी न्हाय.

"आणखी देऊ, बाळा?"

तिनं परत भरलं. परत रिकामं झालं. परत भरलं. तांब्या मोकळा होईपतूर ती वतत हुती. मग तिनं कंदील उचलला आणि माजघरात गेली.

मास्तरनं उंबऱ्यावरनं वाकून हात आत घातला. फुलपात्राच्या भवतीनं जमिनीवर तळवा फिरवला. शेणानं सारवलेली जमीन. कोरडी ठणठणीत हुती.